नावाची चौकट

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडमागच्या गल्लीत माझे नकाशे काढायचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन संगणक आणि एक प्रिंटर. आयटीआयला स्थापत्य आरेखकाचा कोर्स केला तेव्हा ट्रेसिंग पेपर आणि शाईचे पेन होते. चुकले तर ब्लेडने खरवडायचे. ऑटोकॅड मी नंतर शिकलो.

अब्बा पेंटर होते. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते, तेव्हा हॉटेलवाल्यांच्या पाट्यांचे काम यायचे. एकच नाव दहा पाट्यांवर लिहायचे असले की अब्बा पुठ्ठ्याचा साचा कापत. म्हणायचे, "काटते वक्त टाइम ले बेटा, फिर रंगाते वक्त सोचना नहीं पडता."

ही गोष्ट मला उशिरा कळली. कळली ती मोहल्ल्यातल्या चाचीमुळे.

2011 ची गोष्ट. चाचाच्या इंतकालनंतर जागा चाचीच्या नावावर झाली. मातीच्या भिंती पाडून दोन पक्क्या खोल्या बांधायच्या होत्या. बांधकामाच्या परवानगीसाठी आणि बँकेच्या कर्जासाठी नकाशा हवा होता. मी पाच शीट काढली. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात मालकाचे नाव, जागेचा नंबर, स्केल, काढणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे नाव, तारीख, शीट क्रमांक. मालकाचे नाव वर एकदा आणि सहीच्या जागी पुन्हा एकदा. म्हणजे पाच शीटवर एकच नाव दहा वेळा.

नवी चौकट कोण करत बसतो? मी जुन्या गिऱ्हाइकाची फाइल उघडली, मूळ ब्लॉकमध्ये नाव बदलले आणि ॲटसिंक ही आज्ञा दिली. मला वाटले, सगळीकडे बदलले. पहिली शीट पाहिली, बरोबर होती. पण ती चौकट मी नव्याने टाकलेली होती. ॲटसिंकने रकान्याची जागा बदलते, अक्षराची उंची बदलते, नवा रकाना येतो. आधीच भरलेला मजकूर मात्र ती आज्ञा हलवत नाही. उरलेल्या शीटवर जुनेच नाव दिसले, तेव्हा एकेका चौकटीवर डबल क्लिक करून मी ते बदलत गेलो. नऊ जागा बदलल्या. तिसऱ्या शीटवर सहीच्या जागचे नाव राहून गेले.

फाइल शेरा मारून परत आली. दुरुस्ती, पुन्हा सही, पुन्हा रांग, यात तीन आठवडे गेले. तोवर पाऊस लागला आणि जुन्या घराची मागची भिंत एका रात्री बसली. अल्लाहचे शुक्र की चाची पुढच्या खोलीत निजली होती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. चाची चिखलातून भांडी वेचत होती. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "जिंदगी में पहली बार मेरे नाम का कागज बन रहा था बेटा. उसमें भी दूसरे का नाम?"

त्या रात्री मी दुकानात बसून राहिलो. जे काम मी दहा वेळा हाताने करत होतो, ते एकदाच करायची सोय ऑटोकॅडमध्ये 2005 च्या आवृत्तीपासून होती. तिला फील्ड म्हणतात. मालकाचे नाव फाइलच्या गुणधर्मांत एकदाच लिहायचे आणि चौकटीतल्या दोन्ही रकान्यांत नावाऐवजी त्या नोंदीकडे बोट दाखवणारे फील्ड ठेवायचे. नोंद बदलून रिजेन दिले की दहाही जागा बदलतात. पडद्यावर फील्डमागे राखाडी पट्टा दिसतो, छापताना तो येत नाही. पट्टा नसला तर समजावे, कोणीतरी त्या जागी हाताने मजकूर टाकला आहे आणि दोर तुटला आहे. शीट क्रमांक मात्र प्रत्येकाचा वेगळाच ठेवायचा. काय सारखे राहायचे आणि काय वेगळे, हे आधी ठरवावे लागते. अब्बांचा पुठ्ठ्याचा साचा तो हाच.

पण साचा चुकीचा कापला तर दहाही पाट्या चुकतात. आपल्याकडे तर नावाचाच घोळ. वऱ्हाडात आपण 'शेख अमुक शेख तमुक' असे लिहितो. एका कागदावर दोन्ही शेख, दुसऱ्यावर एकच, तिसऱ्यावर इंग्रजीत नुसते 'एस. के.' बाईच्या नावापुढचे 'बी' कुठे जोडून, कुठे तोडून, कुठे गायब. संगणकाला ही सगळी वेगवेगळी माणसे वाटतात. म्हणून आता मी गिऱ्हाइकाचे सगळे कागद आधी टेबलावर मांडतो. नाव एक ठरले, की मगच संगणक सुरू करतो. 2023 साली शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा तिकडच्या एका कामाच्या साऱ्या शीटवर जिल्हा बदलायला मला मिनिटही लागले नाही. माणसाच्या कागदांवरचे एक अक्षर सरळ करायला मात्र अजूनही चार खेटे पडतात.

चाचीचा नकाशा मी दुसऱ्यांदा नेला, तेव्हा तिच्यासमोर पाचही शीट अंथरली. तिला उर्दू वाचता येते, मराठी नाही. मी एका कागदावर तिचे नाव मराठीत लिहून दिले. ते शेजारी धरून तिने बोटाने एकेक अक्षर जुळवले. पाच शीट, दहा जागा. मग चष्मा काढून म्हणाली, "हाँ. सब जगह मैं ही हूँ."

पुढच्या उन्हाळ्यात खोल्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून माझ्या दुकानातून कोणताही नकाशा मालकाने बोट फिरवल्याशिवाय बाहेर जात नाही.