तोट्याची नोंद

गेल्या चातुर्मासातील गोष्ट आहे. पर्युषण पर्व दहा-बारा दिवसांवर आले असताना आमच्या घरी एका कागदावरून अबोला झाला. सतरा वर्षांची माझी नात महाविद्यालयातून एक संमतिपत्र घेऊन आली होती. रग्बी या खेळाच्या जिल्हा संघासाठी निवड चाचणी होणार होती आणि तिच्यासाठी पालकांची सही हवी होती. मुलगा आणि सूनबाई म्हणाले, "दादाजी म्हणतील तसे." मी कागद वाचला, खेळाचे नाव वाचले आणि परत केला. "जिथे माणूस माणसाला आडवा पाडतो, तो खेळ आपल्या घरचा नव्हे," असे मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण रागाच्या भरात "मुलीच्या जातीने दांडगाई शिकून करायचे काय?" असेही बोलून गेलो. तिने उत्तर दिले नाही. कागदाची घडी घालून ती आत गेली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

पाचव्या दिवशी रात्रीचे प्रतिक्रमण आटोपून मी बसलो होतो, तेव्हा ती संगणक घेऊन आली. "दादाजी, नाही म्हणा, पण पाहून नाही म्हणा. वही पाहिल्याशिवाय सौदा करू नये, असे तुम्हीच सांगता ना?" मार्केट यार्डातील भुसाराच्या गाळ्यावर चाळीस वर्षे बसलेल्या माणसाला त्याच्याच शब्दात पकडल्यावर तो काय बोलणार? मी चष्मा लावला.

नात दोन वर्षांपासून जपानी भाषा शिकते. पुण्यात ही भाषा शिकणाऱ्या मुलामुलींना तोटा नाही. तिला रग्बीची ओळख झाली ती याच वर्गात, जपानच्या संघाच्या कथेतून. मला वाटले होते, ती मला एखादा मोठा विजय दाखवील. तिने प्रथम दाखवला तो पराभव.

4 जून 1995. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोमफाँटेन येथे विश्वचषकाचा सामना. न्यूझीलंड 145, जपान 17. न्यूझीलंडने त्या दिवशी आपले अनेक प्रमुख खेळाडू विश्रांतीसाठी बाहेर बसवले होते, तरीही एकवीस वेळा त्यांनी जपानच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला ट्राय म्हणतात आणि त्याचे पाच गुण मिळतात. त्यानंतर खांबांमधून चेंडू लाथाडला तर आणखी दोन. प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळालेला चेंडू थेट खांबांमधून मारला तर तीन. हिशेब सोपा आहे. एवढे मात्र लक्षात ठेवायचे की हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. पुढे जायचे ते धावत, आणि चेंडू द्यायचा तो मागून येणाऱ्या सोबत्याला.

जपानला हा खेळ नवा नव्हता. केंब्रिजमध्ये शिकलेले एडवर्ड क्लार्क आणि तनाका गिन्नोसुके या दोघांनी 1899 मध्ये टोकियोच्या केइओ विद्यापीठात तो सुरू केला. 1929 पासून ओसाकाजवळच्या हानाझोनो येथे रग्बीचे स्वतंत्र मैदान आहे. 1987 पासूनच्या प्रत्येक विश्वचषकात जपान खेळला आहे. मात्र 1991 मध्ये झिंबाब्वेवर मिळवलेल्या एका विजयानंतर 2015 पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, त्याला विश्वचषकात एकही सामना जिंकता आला नाही. कॅनडाशी दोन सामने बरोबरीत सुटले, तेवढीच काय ती जमा.

"एवढी बदनामी झाल्यावर त्यांनी खेळ सोडून का दिला नाही?" मी विचारले. नात म्हणाली, "त्यांनी तो आकडा झाकला नाही, दादाजी."

या वाक्याने मला माझ्या तरुणपणातील एक प्रसंग आठवला. तेव्हा व्यवहार नुकतेच माझ्या हाती आले होते. हळदीच्या एका सौद्यात मी मोठी रक्कम घालवली आणि वडिलांच्या भीतीने ती उचंत खात्यात टाकून ठेवली. एक दिवाळी गेली, दुसरी आली. वहीपूजनाच्या आधी बाबूजींनी जुने चोपडे उघडले आणि बोट नेमके त्या ओळीवर ठेवले. ते रागावले नाहीत. "आज हे तोट्यात लिही," म्हणाले. "लिहिलेला तोटा एक दिवस फिटतो. लपवलेल्याला व्याज चढते." मी लिहिले. हात थरथरत होता. त्या तोट्याची भरपाई व्हायला तीन वर्षे लागली, पण ओळ लिहिली त्या रात्री मला दोन वर्षांनी शांत झोप आली.

जपानी रग्बीची कथा मला समजली ती याच वाटेने. आपली माणसे शरीराने लहान आहेत ही उणी बाजू त्यांनी मान्य केली, आणि मग आपल्याकडे काय आहे ते पाहिले. चपळाई, शिस्त आणि श्रम सोसण्याची ताकद त्यांच्याकडे होती. 2012 मध्ये एडी जोन्स प्रशिक्षक झाले. ते ऑस्ट्रेलियाचे, त्यांची आई जपानी वंशाची. पहाट उजाडण्यापूर्वी सराव सुरू व्हायचा आणि दिवसातून अनेकदा चालायचा. समोरच्याला छातीशी भिडण्याऐवजी खाली वाकून पायांशी धरायचे, चेंडू हातात फार वेळ ठेवायचा नाही, आणि ऐंशीव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखे धावायचे, अशी रीत त्यांनी घालून दिली. जे येत नव्हते ते शिकण्यासाठी परदेशातून गुरू आणले. आठ-आठ खेळाडू खांद्याला खांदा भिडवून रेटा देतात त्या स्क्रमसाठी फ्रान्सचा, तर बाहेर गेलेला चेंडू उंच झेलण्याच्या डावपेचांसाठी इंग्लंडचा.

आपल्यासारख्या वाचकांना आणखी एक गोष्ट भावेल. जपानमध्ये हा खेळ मुख्यतः कंपन्यांनी सांभाळला. टोयोटा, कोबे स्टील, तोशिबा, सनटोरी यांचे संघ आहेत, आणि कित्येक खेळाडू दिवसा त्याच कंपनीत नोकरी करत आणि उरलेल्या वेळात सराव करत. कामाइशी या किनाऱ्यावरील छोट्या गावातील पोलाद कारखान्याचा संघ सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेता होता. 2011 च्या त्सुनामीने ते गाव उद्ध्वस्त केले. किनाऱ्याजवळच्या शाळेतील मुले शिकवल्याप्रमाणे वेळीच उंचावर धावली म्हणून वाचली. शाळा वाहून गेली तेथेच पुढे मैदान उभे राहिले आणि 2019 मध्ये त्यावर विश्वचषकाचा सामना झाला.

त्याआधीचा 19 सप्टेंबर 2015 चा दिवस मात्र मी सबंध पाहिला. इंग्लंडमधील ब्रायटन. समोर दोनदा जगज्जेता ठरलेला दक्षिण आफ्रिका. सामना संपत आला तेव्हा जपानचे 29 आणि आफ्रिकेचे 32. जपानला दंडाचा फटका मिळाला. खांबांमधून मारला असता तर तीन गुण आणि बरोबरी. प्रशिक्षकांचाही कौल तीन गुण घेण्याकडे होता. मी नातीला म्हणालो, "घ्यावेत. हातचे सोडू नये." ती हसली. कर्णधार मायकेल लीच याने तीन गुण नाकारून स्क्रम मागितला. काही मिनिटे रेटारेटी झाली, चेंडू एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेला आणि कार्न हेस्केथने तो कोपऱ्यात टेकवला. जपान 34, दक्षिण आफ्रिका 32. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, हे मला सूनबाई दारात येऊन पाहू लागल्या तेव्हा कळले.

त्या विश्वचषकात जपानने चारपैकी तीन सामने जिंकले, तरी गुणांच्या गणितात तो बाद झाला. चार वर्षांनी स्पर्धा जपानमध्येच भरली. आशियात प्रथमच. तेव्हा त्यांनी आयर्लंडला 19-12 असे हरवले, आणि भयंकर वादळाच्या दुसऱ्या दिवशी योकोहामा येथे स्कॉटलंडला 28-21 असे नमवून प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे पुन्हा दक्षिण आफ्रिका समोर आला आणि या वेळी त्याने 26-3 असा हिशेब चुकता केला. त्या जपानी संघातील निम्म्याच्या जवळपास खेळाडू परदेशात जन्मलेले होते. कर्णधार लीच स्वतः न्यूझीलंडचा, आई फिजीची. पंधराव्या वर्षी तो शिकायला साप्पोरोला आला आणि तेथलाच झाला. मारवाड-गुजरातेतून येऊन या पुण्यात मुरलेल्या आपल्या घराण्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

हे सारे पाहिले, तरी माझा मूळ प्रश्न उरलाच होता. पराक्रम खरा; पण हिंसेचे काय? म्हणून मी तिच्या सरावाला जाऊन बसलो. मुली एकमेकींना कमरेखाली धरून पाडत होत्या हे खरे. पाडणारीच उठवायला हात देत होती, हेही तितकेच खरे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला महत्त्व दिले आहे. कषायांनी ग्रासलेल्या, बेसावध मनाने केलेला घात ती हिंसा. मैदानावर मला द्वेष दिसला नाही. बेसावधपणाला मात्र तेथे शिक्षा होती. खांद्याच्या वर धरले की शिट्टी वाजते आणि धोका मोठा असेल तर खेळाडू बाहेर काढला जातो. तरी या खेळाला निर्धोक म्हणता येणार नाही. इंग्लंड-वेल्समधील कित्येक माजी खेळाडूंनी डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांमुळे मेंदूचे विकार जडल्याचे सांगत खेळाच्या संस्थांविरुद्ध दावे केले आहेत. ही बाजूही मी नातीला वाचून दाखवली. तिने ती ऐकून घेतली.

परत येताना तिने सांगितले की 2012 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या बालेवाडीतच सात-सात जणींच्या रग्बीची आशियाई स्पर्धा झाली आणि जपानच्या मुली तेथूनच मॉस्कोच्या विश्वचषकासाठी पात्र ठरल्या. आपल्या गावात असे काही घडले होते याची मला वार्ताही नव्हती. भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषवलेल्या वाहबिज भरुचा याही पुण्याच्याच, व्यवसायाने भौतिकोपचारतज्ज्ञ. आपल्या मुलींचा पंधरा जणींचा संघ 2018 मध्ये सिंगापूरला प्रथम आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि हरून परतला. पुढच्याच वर्षी मनिला येथे त्यांनी त्याच सिंगापूरला 21-19 असे हरवले. दोन गुणांनी. ब्रायटनला जपान जिंकला तोही दोनच गुणांनी.

आणि मग तिने मला एक शब्द सांगितला. सामना संपल्याच्या शिट्टीला जपानमध्ये "नो साइड" म्हणतात. शब्द मूळचा इंग्रजांचा. त्यांच्याकडे तो फारसा उरला नाही, जपानने मात्र जपून ठेवला. अर्थ असा की आता कोणतीही बाजू उरली नाही. मी काही वेळ गप्प राहिलो. संवत्सरी तीन दिवसांवर होती. दरवर्षी आपण शेकडो लोकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो, हल्ली तर एकाच संदेशात सर्वांना. पण ज्या एका वाक्याने घरातील मूल दुखावले होते, ते मी अजून उचंत खात्यातच ठेवले होते.

संवत्सरीच्या संध्याकाळी, प्रतिक्रमणानंतर, मी तिला बोलावले. तिने नमस्कार करण्याआधीच म्हणालो, "मुलीच्या जातीबद्दल मी जे बोललो ते चुकीचे होते. बेटा, मिच्छामि दुक्कडम्." तिचे डोळे भरून आले. माझेही कोरडे नव्हते. नंतर मी कागदावर सही केली, दोन अटींसह. डोक्याला मार लागला तर तो लपवायचा नाही आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मैदानावर उतरायचे नाही. दुसरी अट सूनबाईंची. सराव लांबला तरी चातुर्मासात चौविहार मोडायचा नाही. त्यासाठी सूर्यास्तापूर्वी खाण्याचा मुगाचा आणि पनीरचा डबा रोज तयार राहील, ही जबाबदारी त्यांनी घेतली.

चाचणीत तिची निवड झाली नाही. घरी आली, हातपाय धुतले आणि मी दिलेली लाल बांधणीची वही काढली. तारीख टाकून तिने लिहिले, "निवड नाही. शेवटच्या दहा मिनिटांत दम कमी पडला." मी ती ओळ वाचली आणि वही तिला परत दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती तळजाईच्या टेकडीवर धावायला गेली. आता मीही बरोबर जातो. ती धावते, मी चालतो, आणि परत येताना दोघे मिळून वही लिहितो.

जय जिनेन्द्र.