सपाट रानातली माणसं

सेलू, जि. परभणी

चि. रेवा आणि निनादराव,


रेवा, तुझा फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. रात्री दोनदा उठून ओट्यावर येऊन बसलो, तेव्हा मामी म्हणाली, काय ते पोरीला लिहून टाका, फोनवर तुमचा आवाज चढतो आणि ती बिचारी गप्प बसते. म्हणून लिहितो आहे. निनादरावांनाही वाचून दाखव, त्यांच्यासाठी शेवटी काही आहे.

दोन गोष्टी तू सहज बोलून गेलीस. एक म्हणजे, ‘शिकागो छान, सेंट लुईसची कमान छान, पण मधलं सगळं नुसतं सपाट, मामा. तासन् तास गाडी चालवली, बघायला काही नव्हतंच.’ आणि दुसरी, तीही हसत हसत, की नेब्रास्कातून येताना निनादरावांचा डोळा लागला आणि गाडी कडेच्या खरबरीत पट्ट्यावर गेली, तिच्या घरघरीने त्यांना जाग आली. या दुसऱ्या गोष्टीवर आत्ताच लिहायला घेतलं तर पत्र पुढे जायचं नाही.

शिवाय विचारलंस की जानेवारीत नांदेडहून संभाजीनगरला जाताना परभणी जिल्हा एका दिवसात उरकेल ना, बघण्यासारखं काय आहे ते कळव. कळवतो. पण ‘उरकेल’ हा शब्द तू तुझ्या आजोळाविषयी वापरलास, हे मनाला लागलं.

तू पाठवलेले फोटो मी पुतण्याच्या संगणकावर मोठे करून पाहिले. शिकागोच्या इमारतींचे पंधरा-वीस आहेत. कॅन्ससचा एकच. निनादराव रस्त्याच्या कडेला कॉफीचा कप घेऊन उभे, मागे कमरेएवढं पीक, शेंड्याला विटकरी रंगाची घट्ट कणसं. खाली तू लिहिलंस, ‘कुठलं तरी पीक.’ अगं बाई, ती ज्वारी आहे! आपल्या मळ्यात आगटीपाशी बसून, गरम कणीस हातावर चोळताना चटका बसला म्हणून रडणारी आणि रडता रडता हुरडा तोंडात टाकणारी पोर तू, आणि तुला ज्वारी ओळखू आली नाही? ताट बुटकं आहे म्हणून फसलीस, एवढं मी मान्य करतो. तिकडे कापणी यंत्राने होते, म्हणून त्यांनी बुटके वाण काढले. आपल्याला दाण्याइतकाच कडबाही लागतो, म्हणून आपली ज्वारी डोक्यावर जाते. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससात पिकते. ती माणसं फारशी खात नाहीत, बरीचशी जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते.

आणि आता तुला कुणीच न सांगितलेली गोष्ट सांगतो. हीच तांबडी ज्वारी आपल्या घरात शिजलेली आहे. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळायची. पिशवी घेऊन रांगेत उभा राहणारा मी होतो. त्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरायची, तव्यावर टाकली की तांबूस व्हायची, आणि तुझी आजी पहिली भाकरी आम्हाला देऊन स्वतः पाणी पिऊन रोजगाराच्या बांधावर जायची. तो दाणा कुठल्या राज्यातून आला हे आम्हाला कोण सांगणार होतं? पण दाणा त्याच जातकुळीचा. ज्या सपाट रानात तुला बघायला काही नव्हतं, तसल्याच रानाने तुझ्या आईला त्या वर्षी जगवलं. तिला विचार, तिला त्या भाकरीचा रंग आठवेल.

मला एवढंच म्हणायचं आहे, आणि ते मी आयुष्यभर म्हणत आलो आहे. डोंगर दिसला की माणूस मान वर करतो, समुद्र दिसला की थांबतो, आणि जी जमीन त्याला खायला घालते तिच्यावरून डोळे मिटून निघून जातो. परभणीवरून रेल्वेने जाणारेही असंच म्हणतात. खिडकीतून बघतात, काळं रान, एखादं लिंबाचं झाड, लांबवर बैलगाडी, आणि पडदा ओढून घेतात. सपाट रानाचं सगळं वैभव खाली असतं, रेवा. ते बघायला गाडीतून उतरावं लागतं.

कॅन्ससात तू फ्लिंट हिल्समधून गेलीस. ‘इथे तर शेतंही नाहीत, नुसतं गवत,’ असा तुझा निरोप आला होता. ते गवत साधं नाही गं. एके काळी इलिनॉय, आयोवापासून कॅन्ससपर्यंत पुरुषभर उंचीच्या गवताचा मुलूख होता. आता त्याचे चार टक्केही उरलेले नाहीत, आणि जे आहे त्यातलं बहुतेक फ्लिंट हिल्समध्ये. तिथे वरच्या थरालाच चुनखडी आणि गारगोटी लागते, नांगर चालला नाही, म्हणून ते वाचलं. त्या गवताची मुळं दहा-दहा फूट खाली जातात. हजारो वर्षं ती मुळं तिथेच वाढली, तिथेच कुजली, आणि त्यातून त्या मुलुखाची काळी माती झाली. १८३७ साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने इलिनॉयमध्ये पोलादी फाळाचा नांगर केला, त्या फाळाला ती चिकट माती चिकटेना, आणि बघता बघता मुलूख पालथा झाला. शिकागो मोठं झालं ते याच रानातल्या धान्यावर आणि गुरांवर. तू ज्या इमारतींचे फोटो काढलेस, त्यांच्या पायात हीच शेतं आहेत. आपलं मानवत आणि सेलू तरी कशावर उभं राहिलं? कापसावर, आणि निजामाच्या रेल्वेवर.

पुढे १९३०च्या दशकात पाऊस रुसला. पश्चिम कॅन्सस, ओक्लाहोमा या भागात गवत मोडून उघडी केलेली जमीन वाऱ्याने उचलली, भर दुपारी दिवे लावायची वेळ आली. तेव्हा कुठे, १९३५ साली, त्यांच्या सरकारने मृदसंधारणाचं वेगळं खातं काढलं. कृषी सहायक म्हणून मी गावोगाव बांधबंदिस्ती सांगत फिरलो, त्या विद्येची मुळं त्या धुळीतही आहेत. आणि तू म्हणतेस काही नव्हतं!

आयोवातल्या एम्सला न थांबल्याबद्दल मात्र मी रागावलोच आहे. तू सातवीत असताना मी तुला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ दिलं होतं. तू ते उशाशी घेऊन झोपायचीस. त्या कार्व्हरला १८९४ साली पदवी मिळाली ती एम्सच्या शेती कॉलेजातून, तिथला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि पुढे तिथेच शिकवायला राहिला. तुम्ही डि मॉइनला मुक्काम केलात. तिथून एम्स अर्ध्या तासावर! तिथल्या एका प्राध्यापकाच्या लहान मुलाला कार्व्हर सोबत घेऊन रानात झाडं-गवतं दाखवत हिंडायचा. तो मुलगा हेन्री वॉलेस, पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. मोठ्या माणसाने लहान पोराला रानात नेऊन खाली बघायला लावलं की काय होतं, ते यावरून कळतं. तुझ्या पोटी उद्या लेकरू होईल, त्याला तू गाडीच्या काचेतून काय दाखवणार आहेस?

असो. आता परभणीचं.

एका दिवसात होणार नाही. चार दिवस काढा. परभणीचं कृषी विद्यापीठ आधी बघा. ते १८ मे १९७२ला सुरू झालं, म्हणजे ज्या साली आम्ही मिलो खात होतो त्याच साली. तिथून निघालेली ‘परभणी मोती’ ज्वारी निनादरावांना हातात घेऊन दाखव, आणि लोह-जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ही. देशभर लोक ‘परभणी क्रांती’ भेंडी खातात, गाव कुठे आहे ते त्यांना ठाऊक नसतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आल्यावर मन खट्टू होणार नाही. तू पाहिलेली ज्वारीची रानं आता उरली नाहीत. आयोवात जसा मका आणि सोयाबीन, तसं आपल्याकडे कापूस आणि सोयाबीन. रब्बीची ज्वारी लोक घरापुरती टाकतात. कडबा नाही म्हणून दावणीला बैल नाही, आणि बैल नाही म्हणून शेणखत नाही. हे मी सांगायला लागलो की पोरं उठून जातात.

गंगाखेडला जनाबाईंचं दर्शन घ्या, धारासूरला गुप्तेश्वराचं मंदिर बघा, गोदावरीच्या काठावर आहे. जिंतूरकडे नेमगिरीची जैन लेणी आणि येलदरीचं धरण. चारठाण्याला यादवकाळातली देवळं आहेत आणि एक उंच कोरीव स्तंभ. त्याच्यापाशी संध्याकाळी थांबा, घाई करू नका.

आणि वालूरची बारव. तिथे मी स्वतः येणार. गावात शिरताना काही दिसत नाही, घरं, गल्ली, सपाट जमीन. बारवेच्या काठावर गेलीस की एकदम पायाखाली ती उघडते. पायऱ्या सरळ उतरत नाहीत, शंखासारख्या गोल फिरत पाण्याकडे जातात. वर्षानुवर्षं ती गाळाने, केरकचऱ्याने भरलेली होती, गावकऱ्यांनी अंगमेहनतीने उपसून मोकळी केली. उतरताना डावा हात भिंतीला ठेव. दगडांचे सांधे बोटाला लागत नाहीत इतके बेताने बसवलेत. वरून उन्हाचा जाळ असतो आणि दहा पायऱ्या खाली गेलं की अंगावर गारवा येतो. हे कुणी बांधलं असेल? ज्यांना पाणी खाली आहे हे ठाऊक होतं त्यांनी.

आता ती दुसरी गोष्ट. निनादराव, तुम्ही जावई आहात, तुम्हाला रागावण्याचा अधिकार मला नाही, म्हणून हात जोडून सांगतो. सरळ रस्ता फार वाईट. वळण माणसाला जागं ठेवतं, सरळ रस्ता झोपवतो. दर दोन तासांनी गाडी थांबवा, खाली उतरा, चार पावलं रानात चाला. तेवढ्यात ज्वारीही ओळखू येईल. रेवाला परवाना आहे, तर तिला चालवू द्या. आणि रेवा, नवरा चालवत असताना शेजारी बसून तू झोपायचं नाहीस. बोलत राहायचं. तुझे वडील असेच रात्रीचे निघाले होते, ते मी पुन्हा लिहीत नाही.

इकडे आल्यावर गाडी तुम्ही चालवायची नाही. ड्रायव्हर मी बघून ठेवला आहे, पाथरीचा आहे, शांत आहे, तंबाखूसुद्धा खात नाही. जानेवारीत ऊसतोड भरात असते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना मागे दिवा नाही, परावर्तक नाही, आणि रात्री अंधारात त्या रस्त्यावरच उभ्या असतात. गंगाखेड आणि पाथरीच्या रस्त्यांवर दिवस मावळल्यावर निघायचंच नाही, मग विमान चुकलं तरी चालेल. धुकं पडलं तर सकाळी आठपर्यंत घरातून हलू देणार नाही, हे आत्ताच सांगतो.

तिकडे तर आता बर्फ सुरू होईल. नाताळात मिनियापोलिसला गाडीने जायचं म्हणालात, ते रद्द करता येईल का? निदान टायर बदलून घ्या, आणि गाडीत दोन घोंगड्या, पाणी आणि खायला ठेवा. निघताना आणि पोहोचल्यावर दोन्ही वेळा मला कळव. रात्रीचे तीन वाजले असले तरी चालेल, मी जागाच असतो.

तुमच्या येण्याची तारीख पक्की झाली की लगेच लिही. हुरड्याचं कणीस दाणा कोवळा असतानाच चोळावं लागतं, त्याप्रमाणे शेजारच्या शेतातला एक तुकडा उशिरा पेरायला सांगितला आहे.

तुझा
मामा

ता. क. मामी विचारते, निनादरावांनी डोळे तपासून घेतले का. चष्म्याचा नंबर वाढला की डोळा जड होतो म्हणे. या आठवड्यातच जाऊन या.