उसन्या स्मृतीची साधना

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ऑर्लेआं शहरात कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं सगळं भांडवल त्याच्या डोक्यात असायचं. छपाईयंत्र युरोपात यायला अजून जवळपास दीडशे वर्षं होती. ग्रंथ चामड्याच्या पानांवर हाताने नकलून घ्यावे लागत आणि ते परवडणारे लोक थोडे. रोमन कायद्याचं कलम, त्यावरचं भाष्य, भाष्यावरची टीप, हे सगळं वर्गात ऐकायचं, घोकायचं आणि वादाच्या वेळी जिभेवर आणायचं. ज्याचं पाठांतर कच्चं त्याची विद्याच कच्ची. अशा दिवसांत कोणी येऊन सांगितलं, की व्याकरणापासून खगोलशास्त्रापर्यंत सगळी शास्त्रं काही महिन्यांत येतील, एकदा ऐकलेलं पुन्हा विसरणार नाही, आणि त्यासाठी एक पोथी मिळवली की झालं, तर हुशार मुलगा त्या वाटेला जाणारच.

जॉन असाच गेला. पॅरिसच्या दक्षिणेला, एतांप गावाजवळ, मोरिन्यीचा बेनेडिक्टाइन मठ होता. जॉन तिथला भिक्षू. त्याचं कोवळं वय शार्त्रच्या प्रचंड कॅथेड्रलच्या सावलीत गेलं, पुढचं शिक्षण ऑर्लेआंला झालं. तरुणपणी एका पाद्र्याकडून त्याच्या हाती भुतं बोलावण्याच्या विद्येचं पुस्तक पडलं. त्याने त्यातलं जमेल तेवढं घाईघाईने उतरवून घेतलं, पण उतरवलेलं वापरायचं कसं हे कळेना. मग याकोब नावाच्या एका लोंबार्ड विद्वानाला त्याने विचारलं. याकोबने सांगितलं, ‘आर्स नोटोरिया’ नावाची पोथी शोध. ही एकच नाही, सगळ्याच विद्या त्यात सापडतील.

ही पोथी त्या काळच्या विद्यार्थ्यांत आणि मठांत हातोहात फिरत होती. आजही तिच्या पन्नासहून अधिक जुन्या प्रती युरोपातल्या ग्रंथालयांत आहेत. ती बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या सुरुवातीला, बहुधा उत्तर इटलीत, आकाराला आली. तिचं श्रेय मात्र थेट शलमोन राजाला दिलेलं होतं. बायबलमध्ये शलमोन स्वप्नात देवाकडे संपत्ती मागत नाही, शहाणपण मागतो, आणि ते त्याला एका रात्रीत मिळतं. त्या एका रात्रीचं तंत्र आपल्याला ठाऊक आहे, असा या पोथीचा दावा होता.

तंत्र सोपं नव्हतं. साधकाने आधी पापांची कबुली द्यायची, ब्रह्मचर्य पाळायचं, उपास करायचे, चंद्राच्या तिथी पाहायच्या. मग ठरलेल्या वेळी प्रार्थना म्हणायच्या, आणि हे महिनोन्‌महिने चालायचं. प्रार्थनांचा काही भाग सरळ लॅटिनमध्ये, बाकीचा म्हणजे नावांची लांबच लांब माळ. ती नावं हिब्रू, ग्रीक आणि खाल्डी भाषेतली आहेत, असं पोथी सांगे. म्हणणाऱ्याला त्यातलं अक्षर कळत नसे, आणि ते कळावं अशी अपेक्षाही नव्हती. सोबत ‘नोटा’ असत, म्हणजे आकृत्या. वर्तुळं, त्रिकोण, झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या रेषा, आणि त्यांच्या आत बारीक अक्षरांत गोल फिरत गेलेला मजकूर. व्याकरणाच्या नोटा वेगळ्या, तर्काच्या वेगळ्या, वक्तृत्वाच्या वेगळ्या. ओठांवर नावं आणि नजर आकृतीवर, असं बसायचं. अर्थ समजून घेण्यात वेळ घालवायचा नाही. समज वरून उतरेल, अशी खात्री दिलेली होती.

चुकलं तर काय होतं याचीही एक गोष्ट पोथीतच आहे. शलमोनाच्या घरातल्या एका माणसाने दारू पिऊन, बाईशी संग करून, परवानगी न घेता ही पोथी उघडली आणि वाचायला लागला. त्याची वाचा गेली, दृष्टी गेली, आठवण गेली. मरतेवेळी त्याला बोलता आलं तेव्हा त्याने सांगितलं, की ज्या पवित्र नावांचा आपण अपमान केला त्यांचे देवदूत आपल्याला शिक्षा करत होते. एकाने स्मृती धरून ठेवली होती, एकाने जीभ, एकाने डोळे, एकाने कान. या गोष्टीकडे जरा थांबून पाहायला हवं. ज्या चार गोष्टी ही विद्या देऊ करते, त्याच चार ती काढूनही घेऊ शकते. ज्याच्या मर्जीवर माणसाची स्मृती अशी येते आणि जाते, तो नेमका कोण, हा प्रश्न पोथी वाचणाऱ्या प्रत्येकाला पडायला हवा होता. पोथी ‘देवदूत’ म्हणून मोकळी होते. जॉनला तो प्रश्न पडला, पण काही वर्षांनी.

आधी त्याला फळ मिळालं. आपण ही साधना केली आणि तिच्यातून विद्या आली, असं तो स्वतः सांगतो. हे तो नाकारत नाही, म्हणूनच त्याच्या लिहिण्यावर विश्वास बसतो. त्याच्या ‘लिबेर फ्लोरुम’ या ग्रंथाचा पहिला भाग म्हणजे त्याला झालेल्या दर्शनांची नोंदवही. एखाद्या साधकाने आपल्या साधनेचा जमाखर्च इतक्या मोकळेपणाने मांडल्याची मध्ययुगातली उदाहरणं फार थोडी. पण विद्येबरोबर रात्रीही बदलल्या. देवदूतांच्या जागी भयंकर आकृत्या दिसू लागल्या, झोपेत आणि जागेपणीही. जे येत होतं ते पवित्र असल्याचं सोंग घेत होतं आणि मधूनच ते सोंग गळून पडत होतं. आपण ज्यांना हाका मारतो आहोत त्यांच्यात दुष्ट आत्मे मिसळले आहेत, अशी त्याची हळूहळू खात्री पटत गेली.

तरी तो लगेच सुटला नाही. मिळणारी विद्या खरी होती, मग ती सोडणार कशी? तो काही काळ थेट भुतांच्या विद्येकडेही वळला. एवढंच नव्हे, त्या विद्येवर आपण स्वतः पुस्तक रचल्याची कबुली त्याने दिली आहे.

ग्रंथातला सगळ्यात हलवून टाकणारा भाग त्याच्या बहिणीचा आहे. तिचं नाव ब्रिजेट. वयाने लहान. तिला वाचायला-लिहायला शिकायचं होतं. चौदाव्या शतकाच्या तोंडावर, फ्रान्समधल्या एका मुलीला अक्षर हवं होतं, आणि शिकलेला भाऊ घरातच होता. जॉनने तिला शिकवायला हीच पोथी वापरली, कारण आपण याच वाटेने शिकलो, ही वाट झटपट नेते, हे त्याला ठाऊक होतं. आणि ब्रिजेट शिकली. थोड्याच महिन्यांत ती वाचू लागली, लिहू लागली, चर्चमधली पदंही म्हणू लागली. मग तिच्याही रात्री सुरू झाल्या. दुष्ट आत्मा येऊन छळतो, झोपू देत नाही, असं ती घाबरून सांगू लागली. स्वतःच्या बाबतीत जॉन इतके दिवस जे समजावत आला होता, ते बहिणीचा चेहरा पाहून त्याला समजावता येईना. त्याने तिला या विद्येचा त्याग करायची शपथ घ्यायला लावली आणि स्वतःही ती सोडली.

शिकवणाऱ्या कुठल्याही माणसाला इथे थांबावंसं वाटेल. स्वतःवर केलेला प्रयोग आपण सहन करतो, त्यासाठी सबबी शोधतो. तोच प्रयोग आपल्यावर विश्वास ठेवून शिकायला आलेल्या मुलीवर उलटतो, तेव्हा विद्येची पारख होते.

जॉनच्या आधी सुमारे चाळीस वर्षं थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञाने आपल्या ‘सुम्मा’मध्ये या पोथीवर निकाल दिलेला होता. त्याचे मुद्दे दोन. एक, ही विद्या निषिद्ध आहे. न समजणारे शब्द आणि आकृत्या या कोणाला तरी केलेल्या खुणाच असतात, आणि देवाने त्या घालून दिलेल्या नाहीत. मग त्या खुणांना ओ देणारा सैतानाच्या गोतातलाच असणार. दोन, ही विद्या फोल आहे. सैतान फार तर शब्दांत काही सांगू शकेल, पण माणसाच्या बुद्धीत उजेड पाडणं त्याच्या हाती नाही. हा दुसरा मुद्दा पहिल्याहून खोल आहे. माहिती बाहेरून मिळू शकते, समजणं मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं, आणि मध्ये कोणीही दलाल चालत नाही. त्याच अक्वायनसने स्मृतीची शिस्तही लिहून ठेवली आहे. लक्षात ठेवायच्या गोष्टीला थोडी जगावेगळी प्रतिमा द्या, सगळं क्रमाने लावा, त्यात जीव गुंतवा आणि पुन्हा पुन्हा मनात घोळवा. यात कुठलाही आत्मा बोलवावा लागत नाही, पण मेहनत सगळी स्वतःची.

जॉनने यापुढे जे केलं ते धर्मशास्त्रज्ञाचं काम नव्हतं, कारागिराचं होतं. बिघडलेलं यंत्र त्याने फेकून दिलं नाही, खोललं. उपास, कबुली, ठरलेल्या वेळा, प्रार्थनांचा क्रम, एकेका शास्त्रासाठी वेगळी मागणी, हा सांगाडा चांगला आहे असं त्याला वाटत होतं. बिघाड त्या न कळणाऱ्या नावांत होता. ती काढून त्याने स्वतः प्रार्थना रचल्या. प्रत्येक शब्दाचा अर्थ म्हणणाऱ्याला कळेल अशा, आणि सगळ्या व्हर्जिन मेरीला उद्देशून. तिच्याकडून दर्शनात परवानगी मिळाल्यावरच त्याने हे काम हाती घेतलं. ‘लिबेर फ्लोरुम’मधला तीस प्रार्थनांचा हा भाग 1311च्या सुमारास पूर्ण झाला. ब्रिजेटनेही याच प्रार्थना म्हटल्या. वापरणाऱ्यासाठी नियम असा, की आधी मेरीची संमती मागायची आणि स्वप्नात ती मिळाली तरच पुढे जायचं. ही अट फार महत्त्वाची. जुन्या पोथीत साधक हुकूम सोडल्यासारखा नावं उच्चारत होता. इथे त्याला नकार मिळू शकतो, आणि नकार मिळाला तर पुस्तक मिटून ठेवावं लागतं.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त हाच पेच आपल्या पैठणला, म्हणजे प्रतिष्ठानला, सातवाहन राजाच्या दरबारात घडतो. राजाला व्याकरण येत नाही म्हणून राणीसमोर त्याची फजिती होते आणि त्याला ते झटपट शिकायचं असतं. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणतो, सहा वर्षं लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणतो, सहा महिने पुरे, आणि देवाला प्रसन्न करून सोपं व्याकरण मिळवतो. पैजेत हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडतो, विंध्याच्या रानात जातो, पिशाचांची भाषा शिकतो आणि काणभूती नावाच्या पिशाचाच्या तोंडून बृहत्कथा ऐकतो. झटपट व्याकरण इथे देवाकडून येतं आणि पिशाचाकडून येते ती वर्षानुवर्षं बसून लिहावी लागणारी गोष्ट. गुणाढ्य काणभूतीची भाषा आधी शिकतो, मग त्याचं ऐकतो. जॉनच्या पहिल्या पोथीत नेमकं हेच राहून गेलं होतं.

पोथीचा पुढचा प्रवासही सांगायला हवा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘लेमेगेटन’ नावाचं एक बाड तयार झालं. त्याच्या पहिल्या भागात 72 सैतानी आत्म्यांची यादी आहे. त्यातले कित्येक शिक्षकच आहेत. ब्युएर तत्त्वज्ञान, तर्क आणि औषधी वनस्पती शिकवतो, पायमॉन सगळ्या कला आणि शास्त्रं. आणि त्याच बाडाच्या शेवटच्या भागात ‘आर्स नोटोरिया’ जोडलेली आहे. जॉनने ज्या शंकेपायी ती सोडली, ती शंका इथे बांधणाऱ्यानेच मिटवून टाकली. देवदूतांची प्रार्थना आणि सैतानांची यादी एकाच पुठ्ठ्यात आली. 1904 साली या बाडाचा पहिला भाग छापून निघाला आणि आज पाश्चात्त्य देशांत परीक्षेसाठी, भाषा शिकण्यासाठी, आठवण तल्लख व्हावी म्हणून मेणबत्त्या लावून या आत्म्यांची मुद्रा समोर ठेवून बसणारे बरेच आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची शिस्त खरी असते. रोज ठरल्या वेळी बसणं, एका आकृतीवर मन लावणं, काय झालं ते वहीत लिहिणं, यातून माणसाचं लक्ष आणि स्मृती सुधारते यात नवल नाही. श्रेय कोणाच्या नावावर मांडायचं, ते मात्र ज्याने त्याने जॉनइतक्या काटेकोरपणे तपासून पाहायला हवं.

जॉनला मात्र या काटेकोरपणाचं बक्षीस मिळालं नाही. 1315मध्ये काही टीकाकार उठले आणि त्याने प्रार्थनांसोबत ग्रंथात ठेवलेल्या आकृत्या भुतं बोलावणाऱ्यांच्या आकृत्यांसारख्याच दिसतात असं म्हणू लागले. जॉन त्यांना भुंकणारे कुत्रे म्हणतो, चिडतो, आणि तरीही सगळ्या आकृत्या काढून टाकून त्या जागी मेरीच्या साध्या प्रतिमा घालतो. उपयोग झाला नाही. 1323 साली पॅरिसमध्ये हा ग्रंथ दोषी ठरवून जाळण्यात आला. सँ-देनीच्या मठातल्या इतिहासकारांनी ही नोंद केली आहे. एका मोरिन्यीच्या भिक्षूने कुतूहलापोटी आणि गर्वापोटी ‘आर्स नोटोरिया’ नावाचं पाखंड पुन्हा उभं करायचा प्रयत्न केला, असा त्याचा आशय आहे. भिक्षूचं नावसुद्धा त्यात नाही. ज्या पोथीच्या तावडीतून सुटायला त्याने इतकी वर्षं घालवली, तिच्याच नावाने त्याचं पुस्तक आगीत गेलं. मेरीची प्रार्थना म्हणजे झाकलेली जादू, असं न्यायाधीशांना दिसलं. सांगाडा ओळखीचा होता, आत काय बदललं ते पाहायला कोणी थांबलं नाही.

पण प्रती आधीच मठामठांत पोचल्या होत्या आणि जाळपोळीनंतरही नकला होत राहिल्या. 1990च्या दशकात अभ्यासक निकोलस वॉटसन यांना कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात यातली एक प्रत सापडली, क्लेअर फँगर दुसऱ्या बाजूने त्याच ग्रंथापर्यंत पोचल्या होत्या, आणि जळालेला ग्रंथ तो हाच हे स्पष्ट झालं. दोघांनी मिळून केलेली संपूर्ण लॅटिन आवृत्ती 2015मध्ये टोरांटोहून निघाली. वीसहून अधिक हस्तलिखितं आता माहीत आहेत. या ग्रंथाचा एक नियम असा होता, की साधकाने आपली प्रत वेगळी करून घ्यायची आणि प्रार्थनेत जिथे मागणाऱ्याचं नाव येतं तिथे स्वतःचं नाव घालायचं. त्यामुळे काही हस्तलिखितांत जॉनच्या जागी दुसऱ्याच भिक्षूंची नावं येतात. स्मृती आणि समज मागणाऱ्या त्या ओळींत नावं बदलली आहेत, मागणं तेच आहे, आणि त्यातला एकही शब्द मागणाऱ्याला न कळणारा नाही.