गप्प बसणं म्हणजे क्षमा नव्हे



दशलक्षण पर्व जवळ आलं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. दरवर्षी प्रवचनात क्षमेबद्दल ऐकते, घरी येते आणि कामाला लागते. या वर्षी मात्र आषाढातल्या एका रविवारपासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. निमित्त माझ्या लेकीच्या कराटे क्लासचं.

गेल्या पावसाळ्यात तिला बारावं लागलं आणि तिने कराटेचा हट्ट धरला. लोणावळ्यात एक मॅडम शिकवतात, आठवड्यातून दोन दिवस, पाच ते सहा. सहाला सुटून औंढ्याला घरी पोहोचलं की सूर्यास्तापूर्वी जेवण होतं. थंडीत मी डबाच बरोबर नेते. वेळेची अडचण नव्हतीच. अडचण सासूबाईंची होती. "भाजी निवडताना अळी दिसली तर आपण ती अलगद बाहेर सोडतो, आणि पोरीला मारामारी शिकवायची? तीही चातुर्मासात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सासऱ्यांनी दिलं. म्हणाले, "आपल्या लोणावळ्यात कैवल्यधाम आहे ना, ते १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी काढलं. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. पण योगाकडे वळण्याआधी तरुणपणी ते बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात तालीम घेत होते. आधी आखाडा, मग ध्यान. शरीर कमावलं म्हणून माणूस हिंसक होत नाही." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पटलंही नाही.

पहिल्या दिवशी मी भिंतीला टेकून बसले होते. मॅडम म्हणाल्या, "आयांनो, बसून काय बघताय? उभ्या राहा." अशी मीही चाळिशीत शिकायला लागले.

मला वाटलं होतं, लाथा-बुक्क्यांनी सुरुवात होईल. सुरुवात झाली वाकून नमस्कार करण्यापासून. मॅडमनी गिचिन फुनाकोशी या गुरूंबद्दल सांगितलं. ओकिनावा बेटावरचे हे शाळामास्तर १८६८ मध्ये जन्मले, १९५७ मध्ये गेले. कराटे जपानच्या मोठ्या शहरांत नेलं ते त्यांनी. त्यांच्या नियमांत दोन गोष्टी ठळक आहेत: कराटेची सुरुवात आणि शेवट नमस्काराने, आणि कराटेत पहिला वार आपला नसतो. मनात आलं, हे तर ओळखीचंच आहे.

त्यांनी स्वतःच सांगून ठेवलेला एक प्रसंग आहे. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायला गोड वड्या घेऊन ते रात्री चालले होते. वाटेत दोघांनी अडवलं. फुनाकोशी तयारीचे होते, दोघांना भारी पडले असते. त्यांनी वड्या देऊन टाकल्या आणि पुढे गेले. गुरूंना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, उलट त्यांनी शाबासकी दिली. ही गोष्ट सांगून मॅडम म्हणाल्या, "पर्स मागितली तर पर्स द्या. पर्स परत घेता येते. हात धरला तर गोष्ट वेगळी."

हात धरला तर काय करायचं, तेही शिकवलं. ताकदीने ओढायचं नाही. समोरच्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे पकड कच्ची असते. त्या बाजूला मनगट वळवून झटका द्यायचा. पण त्याच्या आधीची कामं जास्त महत्त्वाची. समोरच्याने हात लांब केला तरी पोहोचणार नाही एवढं अंतर ठेवायचं. दोन्ही तळहात छातीसमोर, उघडे. मूठ वळली की समोरच्याचीही वळते. आवाज मोठा, पण शिवी नाही. वाक्य छोटं, तेच तेच. आणि बोलण्याआधी एक लांब श्वास. त्या श्वासात मी मनातल्या मनात 'णमो अरिहंताणं' म्हणते. आपल्या मावळातच पाले गावच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याची सुरुवात अरिहंतांच्या नमस्काराने होते. अरि म्हणजे शत्रू. कोणता शत्रू, ते त्या रविवारी कळलं.

बाजार करून आम्ही मायलेकी स्कूटरवरून घरी येत होतो. पावसाळी रविवारी लोणावळ्याचे रस्ते कसे असतात, तुम्हाला माहीत आहेच. औंढ्याच्या अलीकडे एक गाडी रस्त्यात आडवी, गाणी मोठ्याने लावलेली, चार-पाच मुलं नाचत होती. मी हॉर्न दिला. त्यातला एक डुलत आला आणि हसत हसत त्याने माझ्या स्कूटरची चावी काढून घेतली. तोंडाला दारूचा वास होता. लेक मागे बसली होती.

मी तिला उतरवून माझ्या मागे घेतलं, दोन पावलं मागे सरले, तळहात पुढे केले. श्वास घेतला. "दादा, मागे व्हा. चावी द्या." तो हसला. पुन्हा तेच, अधिक मोठ्याने. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा शेजारच्या खाचरात भात लावणाऱ्या बायकांनी कमरेतून वर होऊन बघितलं. त्यातल्या दोघी चिखलाच्या पायांनी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. नाचणारे थांबले. त्यांच्यातल्याच एकाने चावी त्याच्या हातातून घेतली, मला आणून दिली, "सॉरी ताई" म्हणाला आणि गाडी बाजूला घेतली.

घरी पोहोचेपर्यंत माझे पाय थरथरत होते. लेकीने विचारलं, "आई, तू त्याला मारलं का नाहीस? तुला येतं ना!"

खरं सांगते, मनात मी त्याला दोनदा थोबाडीत मारून झालं होतं. हात शिवशिवत होता. पण ती थोबाडीत पडली असती तर पाच जण चिडले असते, आणि माझ्या मागे बारा वर्षांची पोर होती. तिथे सर्वांत जवळचा शत्रू तो मुलगा नव्हता, माझा क्रोध होता.

त्या रात्री प्रतिक्रमण करताना मला दुसराच एक प्रसंग आठवला. माझं माहेर कुंभोजजवळ. अकरावीत असताना एसटीच्या गर्दीत एका माणसाने नको तिथे हात लावला. मी आक्रसून उभी राहिले, स्टॉप येईपर्यंत. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सोडून दे, क्षमा कर. आपण जैन आहोत." आईचा दोष नाही, तिलाही तेच शिकवलं होतं. इतकी वर्षं मी त्याला क्षमा म्हणत आले. ती क्षमा नव्हती, भीती होती. क्षमा केली असती तर तो प्रसंग इतकी वर्षं ठणकला नसता.

कुंभोजच्या बाहुबलींची २८ फुटी मूर्ती मी लहानपणापासून बघत आले. गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सैन्यं मरू नयेत म्हणून दोघा भावांनी आपापसात तीन युद्धं केली: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्ही बाहुबलींनी जिंकली. भरताने चिडून चक्र सोडलं, त्याचाही त्यांना काही अपाय झाला नाही. आणि मग जिंकलेलं सगळं भावाला देऊन ते तपाला निघून गेले. म्हणजे ज्यांना आपण क्षमेसाठी वंदन करतो, ते उत्तम मल्ल होते. भरताला उचलून घेण्याइतकं बळ अंगात होतं, म्हणून त्याला अलगद खाली ठेवणं ही क्षमा झाली. ते आधीच पाठ फिरवून पळाले असते तर आपण त्यांची मूर्ती उभारली नसती.

आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला पूर्ण सोडायची आहे ती संकल्पी, ठरवून केलेली. स्वतःवर किंवा आपल्या माणसांवर चालून आलेल्याला रोखताना होते ती विरोधी. ती गृहस्थाला पूर्ण टळत नाही, पण तीही होईल तितकी कमी करायची. गंमत म्हणजे आजचा कायदाही असंच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. हक्क आहे, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा नाही. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर ती घ्यायची. ११२ हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

हे सगळं रस्त्यापुरतंच नाही हं. परवा स्वयंपाकघरात जावेशी वाद झाला, जुन्याच गोष्टीवरून. माझा आवाज चढायला लागला तसा मी लाटणं खाली ठेवलं, तळहात उघडे केले, एक श्वास घेतला आणि म्हटलं, "वहिनी, याबद्दल मी संध्याकाळी बोलेन." संध्याकाळी बोललेही, टाळलं नाही. मला जे लागलं होतं ते सांगितलं, तिचंही ऐकलं. पूर्वी मी एकतर भांडले असते किंवा वर्षभर अबोला धरून त्याला सहनशीलता म्हटलं असतं.

पर्वाच्या शेवटी क्षमावाणीला आपण सगळ्यांची क्षमा मागतो. यंदा मी त्या एसटीतल्या माणसालाही क्षमा करायचं ठरवलंय, आता भीती नाही म्हणून. आणि अकरावीतल्या त्या मुलीची क्षमा मागणार आहे, तिची बाजू कुणी घेतली नाही म्हणून.

सासूबाईंना त्या रविवारचं सगळं सांगितलं होतं. ऐकून नुसत्या देवघरात जाऊन बसल्या. पण पुढच्या क्लासच्या दिवशी साडेचारला त्यांचीच हाक आली, "अगं, पोरीचा तो पांढरा ड्रेस इस्त्री केलास का? उशीर होईल तिला."

जय जिनेंद्र.