पाठीवरचे बिऱ्हाड

पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता वाघोबाची खिंड ओलांडून खाली उतरला, की पुढे सूर्या नदीच्या काठी मासवण गाव लागते. या मुलखात ओझे वाहणे कुणाला शिकवावे लागत नाही. भाताचे भारे, जळणाच्या मोळ्या, पाण्याचे हंडे, सारे डोक्यावरून घरी येते. डोके आणि ओझे यांच्यामध्ये कापडाची चुंबळ असते आणि चालणारीचा एक हात बहुधा मोकळाच असतो. अशा गावातल्या एका तरुणाला पाठीवर पिशवी टाकून परदेशचे डोंगर पाहण्याचा ध्यास लागला, तेव्हा ओझे कसे वाहावे हेच त्याला नव्याने शिकावे लागले, ही गमतीची गोष्ट होय.

त्याला जायचे होते नेपाळात. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी ज्या शिखरावर उभे राहिले, १९९८ साली सुरेंद्र चव्हाण ज्याच्या माथ्यावर पोचले, त्या एव्हरेस्टवर चढण्याचा त्याचा मानस नव्हता. त्या शिखराच्या पायथ्याशी, खुंबू हिमनदीच्या काठी, एकदा उभे राहावे एवढीच त्याची इच्छा. पण तो पायथादेखील ५,३६४ मीटर उंचीवर आहे! वाघोबाच्या खिंडीवरचा काळदुर्ग पाचशे मीटरही भरत नाही.

बोईसरच्या एका कारखान्यात काम करणारा मित्र जोडीला मिळाला. दोन वर्षे पैसे साठवून सामान जमले. मोठी सॅक, झोपण्याची उबदार पिशवी, लोकरीचे कपडे, पावसाचा अंगरखा, कपाळावर बांधायची विजेरी, पाण्याच्या बाटल्या. सगळे भरून सॅक भाताच्या काट्यावर ठेवली, तर वजन भरले एकोणीस किलो. ती पाठीवर घेऊन तो अंगणात चालू लागला, तेव्हा त्याची मान पुढे आली आणि खांदे खाली ओढले गेले. ओटीवर बसलेल्या आजीला हसू आवरेना.

"अरे पोरा," ती म्हणाली, "ओझं मानेनं ओढायचं नसतं. कण्यावर सरळ उभं राहील असं धरायचं. मग ते आपसूक चालतं."

आजीने आयुष्यात सॅक पाहिली नव्हती. पण सॅकचे सारे शास्त्र तिच्या या बोलण्यात होते. सॅकला कमरेशी जो रुंद पट्टा असतो, तो शोभेचा नव्हे. तो घट्ट आवळला, की बहुतेक भार खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर येतो. जड वस्तू पाठीच्या लगत ठेवाव्यात, हलक्या तळाशी व बाहेरच्या बाजूस. मग ओझे मागे खेचत नाही. त्याने सामान पुन्हा भरले. जादा बूट, तवा, जाड पुस्तके घरीच राहिली. सॅक अकरा किलोंवर आली. आईने दिलेली सुक्या जवळ्याच्या चटणीची डबी काढावी काय, असा विचार त्याच्या मनात आला. परंतु आईकडे पाहून तो त्याने सोडून दिला.

नवे बूट घालून थेट डोंगरात जाणाऱ्याच्या पायांना फोड येतात. म्हणून ते बूट दोन महिने बांधाबांधांवरून फिरले. दर रविवारी सॅकमध्ये तांदूळ भरून दोघे काळदुर्ग चढत. माथ्यावरच्या चौकोनी कातळाजवळ बसून खालची हिरवी खाचरे पाहत ते पुढच्या वाटेच्या गोष्टी करीत.

लुक्ला येथे विमान उतरते ती धावपट्टी जेमतेम अर्धा किलोमीटर लांब असून उताराची आहे. तेथून वाट दूधकोसी नदीच्या काठाने झुलत्या पुलांवरून नामचे बाजारला चढते. या वाटेवर भेटतात ते भारवाहक. त्यांच्या पाठीवर वेताबांबूची मोठी करंडी असते. तिला डोको म्हणतात. डोक्याचा सारा भार एका पट्ट्याने टाळूवर, कपाळाच्या जरा वर, पेललेला असतो. हा पट्टा म्हणजे नाम्लो. हातात टोक्मा नावाची आखूड काठी असते. काही पावले चालावे, काठी डोक्याखाली टेकवावी, उभ्याउभ्याच दम घ्यावा आणि पुन्हा निघावे, अशी त्यांची रीत. २००५ साली शास्त्रज्ञांनी याच वाटेवरच्या भारवाहकांची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा पुरुषांच्या पाठीवरचे ओझे सरासरीने त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भरले! मासवणच्या तरुणाला आजीची चुंबळ आठवली आणि आपल्या अकरा किलोंची थोडी लाजही वाटली.

जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी पडू लागतो. पाणीसुद्धा लवकर उकळते. ४,४०० मीटरांवर ते सुमारे पंच्याऐंशी अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. शरीराला या हवेची सवय व्हावी म्हणून तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची रोज फार वाढवू नये आणि मधूनमधून एक दिवस थांबावे, असा नियम आहे. दोघांनी तो पाळला. नामचेला एक दिवस थांबले, पुढे ४,४१० मीटरांवरच्या दिंगबोचेलाही थांबले. आता तळ दोन दिवसांवर होता.

दिंगबोचेच्या दुसऱ्या रात्री मित्राचे डोके असह्य दुखू लागले. त्याला ओकाऱ्या झाल्या. वाटाड्या शेर्पाने त्याला फळीच्या एका रेघेवरून पावलापुढे पाऊल टाकीत चालायला सांगितले. तिसऱ्याच पावलाला त्याचा तोल गेला. शेर्पा गंभीर झाला. मेंदूला सूज येऊ लागल्याचे हे लक्षण असू शकते आणि यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे.

"उजाडू दे," मित्र पुटपुटला. "मी पडून राहतो. तू पुढं जा, दोन वर्षं घालवलीस यासाठी."

बाहेर आकाश निरभ्र होते. सकाळी वाट मोकळी मिळणार हे स्पष्ट दिसत होते. तरुण काही वेळ बोलला नाही. अशा वेळी काय करावे हे घरी बसून सांगणे सोपे असते. मग त्याने कपाळावर विजेरी बांधली, आपली सॅक पाठीवर घेतली, मित्राची छातीवर अडकवली आणि दोन्ही पट्टे कमरेशी आवळले. शेर्पाने मित्राचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

पांगबोचेपर्यंतची उतरण दिवसा दोन-तीन तासांची. रात्री तिला पहाट झाली. वाटेत चार वेळा थांबावे लागले. एकदा तर मित्र खाली बसला तो उठेनाच. "पाच पावलं," तरुण म्हणाला, "फक्त पाच." पाच पावले झाली, की पुन्हा पाच.

पांगबोचे जवळजवळ सव्वाचारशे मीटर खाली आहे. दुपारपर्यंत मित्राचे डोके हलके झाले, पावले सरळ पडू लागली आणि त्याने स्वतः होऊन जेवण मागितले. रजा संपत आली होती. पुन्हा वर चढण्याइतके दिवस हाती नव्हते. चुलीपाशी तिघांपुढे वाफाळता डाळभात आला. तरुणाने सॅकच्या तळातून जवळ्याच्या चटणीची डबी काढली. शेर्पाने चिमूटभर चाखली, त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने ताट पुन्हा पुढे केले. संध्याकाळपर्यंत डबी रिकामी झाली.