उरलेला रंग

दसरा झाला की आठवडाभर माझ्या वर्कशॉपसमोर एकाच तक्रारीच्या गाड्या उभ्या राहतात. पूजेला बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं असतं, समोर झेंडूचा हार बांधलेला असतो. श्रद्धेपोटी तो कोणी लगेच काढत नाही. दिवसा ऊन, पहाटे दव, असं तीन-चार दिवस चाललं की पाकळ्यांचा रस आणि कुंकू रंगात मुरतं. हार उतरवल्यावर खाली पिवळट ठसे आणि गुलाबी सावली उरते.

गेल्या वर्षी असेच एक निवृत्त गुरुजी जळगाव जामोदकडून खामगावला माझ्याकडे आले. गाडी १९९६ची मारुती ८००, लाल, एमएच २८ पाटीची. त्यांनी आयुष्यात घेतलेली पहिली आणि एकच. डाग हे निमित्त होतं. खरं दुःख त्यांनी बॉनेटवरून हात फिरवत सांगितलं, "लाल घेतली होती भाऊ. आता वीट दिसून राह्यली. पोरगा म्हणते, पुरा रंग मारून घ्या, नाही तं इकून टाका."

त्यांच्या तळहाताला फिकट लाल भुकटी लागली होती. मी दार उघडून आतल्या चौकटीचा रंग त्यांना दाखवला. तिथे ऊन पोचत नाही, म्हणून तो अजून पहिल्या दिवसासारखा होता. मग मागच्या बाजूला, सहज नजरेत न येणाऱ्या जागी, पांढऱ्या फडक्यावर वाटाण्याएवढं पॉलिश घेऊन दहा-बारा वेळा घासलं. फडकं लाल झालं आणि तेवढ्या जागेत जुना लाल वर आला. गुरुजी वाकून बघतच राहिले.

"रंग मारायची गरज नाही गुरुजी," मी म्हणालो, "आणि गाडी माझ्याकडे ठेवायचीही नाही. हे काम घरी होतं. कसं करायचं ते मी सांगतो."

त्यांना जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. आपल्या जिल्ह्यात अशा कितीतरी गाड्या अंगणात, निंबाखाली, गोठ्याशेजारी फिक्या पडून उभ्या आहेत.

मुलाम्याचा हिशेब

पत्र्यावरचा सगळा रंग, अस्तरासकट, साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला, तर दोन केसांच्या जाडीत गाडीचा सगळा रंग आला. नव्या पद्धतीच्या गाड्यांत रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, तो तर एका केसाहूनही पातळ.

लोकांना वाटतं, चकाकी बाटलीतून येते आणि वरून लावली जाते. तसं नाही. वरचा मेलेला पदर काढला की खालचा जिवंत रंग उघडा पडतो, तीच चकाकी. म्हणजे ती प्रत्येक वेळी शिलकीतून काढावी लागते.

आमचं खामगाव चांदीसाठी ओळखलं जातं. काळवंडलेला तांब्या उजळताना काळ्या पुटाबरोबर चांदीचाही थोडा अंश जातो, हे इथल्या कारागिराला सांगावं लागत नाही. भरीव चांदीला ते सोसतं. मुलाम्याचं भांडं मात्र जोर लावून घासलं तर कडेला तांबं डोकावतं. गाडीचा रंग हा असा मुलामाच आहे. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद पाठीमागे उभे राहून एवढंच म्हणायचे, "बेटा, रंग मत खा." एकतीस वर्षांत या धंद्यातलं याहून मोठं वाक्य मी ऐकलेलं नाही.

चकाकी जाते कुठे

पृष्ठभाग सपाट असला की उजेड एकाच दिशेने परततो आणि बॉनेटमध्ये ट्यूबलाइट सरळ दिसते. त्यावर बारीक खड्डे, चरे पडले की उजेड विखुरतो, तीच ट्यूबलाइट धुरकट होते. रंग तोच असतो, फक्त त्याचा आरसा मोडलेला असतो.

तो मोडण्यात पहिला वाटा उन्हाचा. रंगात दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याचे कण आणि त्यांना धरून ठेवणारं राळेसारखं बंधक. अतिनील किरणं हे बंधक तोडतात. कण मोकळे होतात आणि हाताला भुकटी लागते, तिला आम्ही खडू सुटणं म्हणतो. लाल रंग यात लवकर हरतो, कारण त्यातली अनेक रंगद्रव्यं स्वतःही उन्हात फिकी पडतात.

दुसरा वाटा पाण्याचा, आणि तो आपल्याकडचा खास आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा खारपाण पट्टा. तिथल्या बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात सोडली की थेंब वाळतात आणि प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचं पांढरं कडं बसतं. गुरुजी वर्षानुवर्षं रोज गाडी धुवायचे. त्यांच्या टपावर अशी हजारो कडी होती.

तिसरा वाटा कोरड्या फडक्याचा. सकाळी उठून गाडीवरची धूळ झटकणं ही आपल्याला स्वच्छता वाटते. त्या धुळीत वाळूचे टोकदार कण असतात. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे रोज थोडा पॉलिश पेपर मारणं. उन्हात तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात, ते यातूनच येतात.

आधी ओळख, मग हात

कामाला लागण्यापूर्वी रंगाची जात ओळखायची. जुने पेंटर आजही सगळ्याच गाडीच्या रंगाला ड्युको म्हणतात. तो मुळात अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचा व्यापारी शिक्का. १९२०च्या दशकात तो आला आणि गाडी रंगवण्याचं कित्येक आठवड्यांचं काम थोड्या दिवसांवर आलं. रंगाची रसायनं पुढे बदलली, शब्द मात्र आपल्या गॅरेजांत टिकला. आज घरच्या माणसाला दोनच जाती कळल्या तरी पुरे. पांढऱ्या फडक्याची परीक्षा करा. फडक्यावर गाडीचा रंग आला, तर वर पारदर्शक थर नाही, तुम्ही थेट रंगच घासता आहात. फडकं कोरं राहिलं किंवा नुसतं मळलं, तर बहुधा वर क्लिअर कोट आहे. पहिल्या जातीत चकाकी सुंदर परत येते. दुसऱ्या जातीत हात आणखी जपून चालवावा लागतो, कारण त्या पातळ थरातच ऊन अडवणारी द्रव्यं असतात.

क्लिअर कोटचे पापुद्रे निघत असतील, रंगाला तडे गेले असतील किंवा खालून गंजाचे फोड आले असतील, तर तिथे पॉलिशने काही होणार नाही. ते रंगकाम आहे. त्यावर मेहनत वाया घालवू नका.

कामाची रीत

दिवाळीनंतरच्या थंड सकाळी या कामाला उत्तम. वैशाखात पत्र्याला हात लावता येत नाही आणि कंपाउंड लावताक्षणी वाळतं. सावली हवी, पत्रा गार हवा.

दोन बादल्या घ्या, एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं. टपापासून सुरुवात करून खाली या, कारण सगळ्यात जास्त माती खालच्या पट्ट्यात असते. कपड्यांची पावडर वापरू नका. खारं पाणी असेल तर शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा द्या आणि लगेच मऊ मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्या. क्षारांची कडी तरीही राहिली, तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून ओलं फडकं मिनिटभर डागावर ठेवा, पुसा, धुऊन टाका.

मग बोटं पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून रंगावरून फिरवा. धुतलेल्या रंगावरही खरखर लागते, ती रुतलेली घाण. ती क्ले बारने निघते. शाम्पूच्या पाण्याने पृष्ठभाग बुळबुळीत ठेवून क्ले बारचा गोळा हलक्या हाताने सरकवायचा, मळला की घडी घालून नवी बाजू वर आणायची. गोळा जमिनीवर पडला तर टाकून द्या. त्याला चिकटलेला एक खडा सगळं बॉनेट ओरबाडतो.

आता मुख्य काम. रबराच्या पट्ट्या आणि काळं प्लास्टिक मास्किंग टेपने झाका. पॅनेलच्या कडा आणि उठलेल्या रेषाही झाका. तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि घासताना जोर नेमका तिथेच येतो. दीड फुटाचा एकच चौकोन घ्या. सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करा. त्याने भागलं तर रबिंग कंपाउंडची बाटली उघडूच नका. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं घेऊन, एकमेकांवर येणाऱ्या फेऱ्यांनी, दाब न देता दीड-दोन मिनिटं. पुसा, तिरकं उभं राहून बघा. भागलं नाही तरच बारीक कंपाउंड, आणि त्यानंतर पुन्हा पॉलिश. फडक्याची बाजू रंगाने भरली की बदला. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिशाची रंगद्रव्यं असू शकतात. म्हणून कोरडं घासून भुकटी उडवू नका, तोंडाला मास्क लावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

यंत्राचा मोह होतो. वेगाने फिरणारं बफिंग मशीन नवख्या हातात कडेचा रंग काही सेकंदांत उडवतं. गुरुजींच्या बॉनेटच्या रेषेवर कुठल्याशा जुन्या बफिंगमध्ये अस्तर उघडं पडलेलं होतं, बोटाच्या पेराएवढं. मी त्यावर टेप लावून दिला आणि सांगितलं, इथे हात लावायचा नाही.

शेवटी वॅक्स. चांगल्या वॅक्समध्ये ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण असतं. पातळ थर, धुरकट झाला की पुसायचा. हे मेण स्वतः झिजतं आणि रंगाला वाचवतं. दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा लावावं. गावाकडे रॉकेल किंवा डिझेलचं फडकं मारतात, त्याने दिवसभर चमक दिसते, पण तेलकटपणावर धूळ बसते आणि रबर खराब होतं. दसऱ्याच्या आधी वॅक्स करून ठेवा, हार संध्याकाळी उतरवा. स्वस्तिक काचेवर काढलं तरी पूजा पुरी होते.

गुरुजींची पिशवी

तीन आठवड्यांनी गुरुजी परत आले. रोज सकाळी एक पॅनेल, असा त्यांनी नेम केला होता. गाडी लाल होती. कारखान्यातून आल्यासारखी नाही, पण तिच्या दारात माझ्या वर्कशॉपची ट्यूबलाइट सरळ दिसत होती. बॉनेटवरच्या टेपाखालचा पेरभर डाग जसाच्या तसा होता.

त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. त्यांनी पांढरी फडकी काढून क्रमाने बाकावर मांडली, वर्गात मुलांच्या वह्या मांडाव्यात तशी. पहिलं, टपाचं, गडद लाल होतं. "यात लय रंग गेला भाऊ," ते म्हणाले, "थांबायचं कुठं ते समजत नव्हतं." पुढची फडकी फिकी होत गेली होती. शेवटचं, डाव्या दाराचं, जेमतेम गुलाबी होतं. मी बाहेर जाऊन ते दार पुन्हा पाहिलं. सगळ्या गाडीत तेच सर्वांत जास्त चमकत होतं.