किटलीचा कान

मराठी माणसाने आपले अवयव भांड्यांना वाटून दिले आहेत. मडक्याला पोट, सुरईला मान, घागरीला गळा आणि कपाला कान. चहाच्या किटलीची मूठही आमच्या घरी कानच म्हणवते. माणसाचा कान धरला की सारा माणूस हाती येतो. किटलीचेही तसेच आहे. तो कान वाकडा असेल, तर बाकीचे भांडे कितीही घाटदार असो, चहा बशीत सांडणारच.

आम्ही दोघे बेळगावचे. खानापूरची कौले आणि मडकी या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. निवृत्तीनंतर आम्ही चाकापाशी बसलो, तो मात्र कलेच्या ओढीने नव्हे. आईंची बोटे संधिवाताने आखडली होती. बाजारातील किटलीच्या कानात त्यांची दोनच बोटे जात आणि तेवढ्यावर भरलेल्या किटलीचा भार पेलत नसे. साठ वर्षे घरादाराला चहा ओतून देणाऱ्या बाईला दुसऱ्याने ओतलेला चहा गोड लागत नव्हता. बोलत काही नसत. कप मात्र अर्धा राही. म्हणून चार बोटे मावतील असा कान हवा होता. पेच असा की कान जितका ऐसपैस, तितका तो वाकण्याचा संभव अधिक.

याचे कारण मातीच्या स्वभावात आहे. मातीचे कण चपटे असतात व त्यांच्यामध्ये पाणी असते. पाणी उडाले की कण जवळ येतात आणि माती आकसते. ओल्या गोळ्यापासून पक्क्या भाजलेल्या भांड्यापर्यंत ही घट सहज १० ते १२ टक्के भरते. आता किटलीचे पोट मोठे, आतून बंदिस्त. ते सावकाश वाळते. कान सडपातळ, चहूबाजूंनी वाऱ्यावर. तो आधी वाळतो. एक आकसून मोकळा होतो, तेव्हा दुसऱ्याचे आकसणे अजून बाकी असते. या ओढाताणीत कान पिळवटतो, सांध्याशी तडकतो, नाहीतर किटलीचे गोल तोंडच लांबट करून टाकतो.

आम्हांला शिकविणारे वृद्ध कुंभार म्हणत, “दोघांची ओल एक झाल्याशिवाय सोयरीक करू नये.” कान गायीचे दूध काढावे तसा ओल्या हाताने ओढून काढायचा, कमान देऊन थोडा आवळू द्यायचा. किटली चामड्याइतपत घट्ट झाली, की दोन्हीकडे ओरखडे काढून, त्याच मातीचे रबडीसारखे पाणी लावून सांधायचे. मग कानाला प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि पोट उघडे ठेवायचे, म्हणजे जाड अंग बारीक अंगाला गाठते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात तर सारी किटलीच झाकून आठवडाभर ठेवावी लागते. झाकण जागेवर ठेवून वाळविले, तर तोंडाचा गोलही टिकतो. शिवाय मातीला स्मरण असते. ओला असताना वाकलेला कान हाताने सरळ केला, तरी भट्टीत तो बहुधा जुन्या वळणावर जातो. म्हणून सरळपणा पहिल्यापासूनच सांभाळायचा.

भट्टीची परीक्षा वेगळी. १२०० अंशांच्या पुढे स्टोनवेअरची माती किंचित मऊ पडते आणि मोठी कमान स्वतःच्या भाराने खचते. जपानी कुंभारांनी यावर वेताची कडी वरून बसविण्याची सुंदर युक्ती योजिली आहे. आम्ही ती आईंना सुचविली. “कडीची किटली मनगटाने कलवावी लागते. माझे मनगट कुठे आहे?” एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हा कान बाजूलाच राहिला; फक्त त्याची कमान जरा उंच ठेवली, म्हणजे खचूनही बोटांपुरती जागा उरावी. चीनमधील यिशिंगच्या किटल्यांत तोटीचे टोक, तोंडाचा काठ आणि कानाचा माथा एका पातळीत असावा असा दंडक आहे. ती पातळी आम्ही दोरी धरून पाहत असू.

त्या हंगामात सहा किटल्या भाजल्या, दोन सरळ निघाल्या. त्यांतली एक आईंनी दोन वर्षे वापरली. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हां दोघांना चहा ओतून दिला आणि तोटी ठिबकते हेही बजावले. स्वतःचा कप त्या दिवशी त्यांनी पुरा संपविला.

आई गेल्या, त्यालाही आता बराच काळ लोटला. मातीकामाने आम्हांला शिकविले ते असे, की एका घरातही सगळी अंगे एकाच वेगाने वाळत नाहीत. जे बारीक आहे, उघड्यावर आहे, ते आधी आखडते. त्याला सरळ करू पाहण्यापेक्षा वेळीच झाकणे आणि बाकीच्यांनी त्याच्या बरोबरीने येणे, एवढेच हाती असते.